अल्ट्रावाइड लेन्सचे फोटो रिकामे, कललेले, ताणलेले येतात? काय तपासायचं आणि कसं सुधारायचं

पावसाळा सुरू झाला की ट्रेक करणाऱ्यांकडून ही तक्रार हमखास येते. नवी १०-१८ मिमी अल्ट्रावाइड, म्हणजे खूप रुंद दृश्य टिपणारी लेन्स घेतली, किल्ल्यावर नेली, समोर अख्खं खोरं उलगडलेलं होतं. घरी येऊन पाहिलं तर वर फिकट आभाळ, खाली चिखल आणि मधोमध डोंगरांची एक बारीक रेघ. त्यापेक्षा कॅमेऱ्यासोबत आलेल्या किट लेन्सचे जुने फोटो बरे वाटतात. पुढच्या ट्रेकलाही तेच. मग प्रश्न सुरू होतात: लेन्स खराब आहे का, सेटिंग चुकतंय का, विकून टाकू का?

विकू नका. लेन्समध्ये दोष असू शकतो आणि तो कसा तपासायचा ते शेवटी लिहिलं आहे. पण या लेन्सबद्दलच्या बहुतेक तक्रारींचं मूळ दोनच गोष्टींत सापडतं. फोटो काढताना सगळ्यात जवळची वस्तू कॅमेऱ्यापासून किती अंतरावर होती? आणि कॅमेरा सरळ समोर पाहत होता की वर-खाली कललेला होता? बिघडलेला फोटो उघडून आधी हे दोन प्रश्न विचारा. शटर स्पीड, आयएसओ, पिक्चर प्रोफाइल यांत उत्तर शोधण्यात लोक महिने घालवतात आणि ते तिथे नसतंच.

पुढचे आकडे फुल फ्रेमवरच्या, म्हणजे ३५ मिमी फिल्मएवढ्या मोठ्या सेन्सरवरच्या १६ मिमीचे आहेत. कॅननच्या क्रॉप, म्हणजे त्याहून लहान सेन्सरवर हीच चौकट १० मिमीला मिळते, निकॉन, सोनी, फुजीच्या क्रॉप सेन्सरवर साडेदहाच्या आसपास. कर्णावर मोजलं तर ही लेन्स १०७ अंश पाहते, आडवं मोजलं तर ९७ अंश. क्रॉप सेन्सरवरच्या किट लेन्सची १८ मिमी बाजू कर्णावर ७५ अंशांच्या आसपास पाहते.

फोटो रिकामा येतो

ही सगळ्यात मोठी तक्रार आहे, म्हणून हिच्यावर जरा वेळ घालवू.

आधी डोंगराचं गणित. तीन किलोमीटरवर एक डोंगर आहे आणि तुमच्यापेक्षा पाचशे मीटर उंच आहे. ५० मिमी लेन्सनं आडवा फोटो काढला तर तो फ्रेमच्या उंचीचा एक तृतीयांश भाग व्यापतो. तिथूनच १६ मिमीनं काढला तर जेमतेम एक नवमांश. डोळ्यांना तो डोंगर भव्य दिसतो, कारण आपलं लक्ष फक्त त्याच्यावर असतं. लेन्सला असं लक्ष नसतं, ती सगळ्याला सारखी जागा वाटते. दूरचा डोंगर हाच विषय असेल तर अल्ट्रावाइड पिशवीतच राहू द्या आणि ५५-२५० सारखी टेली, म्हणजे दूरचं जवळ आणणारी लेन्स काढा. सह्याद्रीतले कितीतरी उत्तम फोटो टेलीनं काढलेले असतात, त्यात कमीपणा काही नाही.

आता जमिनीचं गणित, आणि खरी मेख इथेच आहे. तुम्ही उभे आहात, कॅमेरा डोळ्याला लावलेला आहे, म्हणजे जमिनीपासून दीड मीटरवर. कॅमेरा सरळ समोर धरला आहे, क्षितिज फ्रेमच्या मध्यावर आहे. अशा वेळी फ्रेमच्या तळाशी दिसणारी जमीन तुमच्यापासून २ मीटर लांब असते. म्हणजे फोटोत येऊ शकणारी सगळ्यात जवळची जमीनच दोन मीटरवर. आणि २ मीटरपासून १० मीटरपर्यंतची जमीन फ्रेमच्या उंचीचा ४० टक्के भाग खाते. फोटोचा ४० टक्के भाग म्हणजे तुमच्या समोरचा हा एवढासा पट्टा! तिथे तुडवलेला मुरूम असेल तर फोटोत तुडवलेला मुरूमच दिसणार. वरचा अर्धा भाग आभाळ. उरलेल्या दहा टक्क्यांत ज्यासाठी चार तास चढलात ते खोरं.

हे एकदा कळलं की उपाय आपोआप सुचतो. त्या ४० टक्क्यांत काय ठेवायचं हे आधी ठरवा, खोऱ्याकडे नंतर पाहा. आणि कॅमेरा खाली आणा.

कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर, म्हणजे अर्ध्या मीटरवर आणला की जवळची जमीन ६७ सेंटीमीटरवर येते आणि तोच ४० टक्के भाग आता ६७ सेंटीमीटर ते सव्वातीन मीटर एवढीच जमीन दाखवतो. एवढ्या जागेत एक टाक्याचा काठ मावतो, सोनकीचा एक झुबका, कातळात खोदलेल्या दोन पायऱ्या, पावसानं भरलेलं एक डबकं ज्यात आभाळ उतरलं आहे. उभ्यानं मुरूम दिसणाऱ्या त्याच जागेवर बसल्यावर विषय सापडतो.

अंतर किती कमी करायचं याचाही अंदाज असू द्या. दहा सेंटीमीटर रुंद सोनकीचा झुबका दोन मीटरवरून फ्रेमच्या रुंदीचा फक्त दोन टक्के भाग घेतो, एका मीटरवरून साडेचार टक्के आणि ३० सेंटीमीटरवरून १५ टक्के. फूल मोठं हवं असेल तर एक पाऊल पुढे टाकून भागत नाही, जवळजवळ भिडावं लागतं. अल्ट्रावाइडवर जवळच्या वस्तूपासून दहा सेंटीमीटर पुढे-मागे झाल्यानं फोटो पूर्ण बदलतो आणि दूरचं दृश्य तसंच राहतं. टेलीवर अशी मुभा नाही. या लेन्सची खरी ताकद हीच आहे: जवळचं एखादं साधंसं काही मोठं होतं आणि मागचं सगळं जग त्याच्याभोवती बसतं.

म्हणून सरावाची एक पद्धत सुचवतो. किल्ल्यावर पोहोचल्यावर लगेच कड्याकडे जाऊ नका. आधी जमिनीवर काय आहे ते बघत एक फेरी मारा: दगडावरचं शेवाळ, तटाची ढासळलेली बाजू, तोफेचं तोंड, दरवाजाचा उंबरा. एक वस्तू निवडा, तिच्यामागे दृश्य कुठल्या बाजूनं बसतं ते फिरून पाहा आणि मग कॅमेरा काढा. एकाच वस्तूचे मीटरभरावरून, अर्ध्या मीटरवरून आणि लेन्स फोकस करेल तितक्या जवळून असे फोटो घ्या. घरी तिन्ही शेजारी ठेवून पाहिले की हात आपोआप जवळ जायला शिकतो.

कासच्या पठारावर मात्र हे तंत्र जपून वापरा. तिथली फुलं जमिनीलगत असतात आणि जवळ जाण्याच्या नादात माणूस वाटेवरून आत पाय टाकतो. एका फोटोसाठी तेरड्याचा किंवा सीतेच्या आसवांचा ताटवा तुडवला जाणं परवडणारं नाही. २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या पश्चिम घाटाचा तो भाग आहे, आणि तो वारसा त्या पातळ मातीत उभा आहे. वाटेच्या कडेला हात लांबवून, स्क्रीन उघडून जे मिळेल ते घ्या. सोनकी तर पावसाळ्यानंतर कितीतरी गडांवर वाटेच्या कडेलाच भेटते.

दुसरी सूचना जिवाची आहे. अल्ट्रावाइडमधून पाहताना सगळं प्रत्यक्षाहून लांब दिसतं. कड्याची धारही. डोळ्याला कॅमेरा लावून पुढे सरकणारा माणूस स्क्रीनवर धार दोन मीटर लांब आहे असं समजतो आणि ती एका पावलावर असते. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर लोक पालथे पडून खाली पाहतात, फोटोही तसाच घ्या, आणि जागा बदलायची असेल तर आधी कॅमेरा डोळ्यावरून खाली, मग पाऊल. पावसात कातळ निसरडा असताना तर हा नियम मोडूच नका. त्या कड्याचं अंतर्वक्र पोट दाखवायला धारेच्या टोकावर जाण्याची गरजही नसते. बाजूनं, मागून, कड्याची सगळी कमान एका फ्रेममध्ये येते, आणि ते काम अल्ट्रावाइडइतकं चांगलं दुसरी कुठली लेन्स करत नाही.

इमारती मागे पडतायत

वाडा, देऊळ, चर्च, काहीही असो, भिंती वर जाताना एकमेकींकडे झुकतात. लोक याला लेन्सचं डिस्टॉर्शन म्हणतात. ते डिस्टॉर्शन नाही. कॅमेरा वर कलला की उभ्या समांतर रेषा फोटोत एकमेकींकडे येणारच, कुठल्याही लेन्सवर. अल्ट्रावाइडवर ते फार दिसतं एवढंच.

उपाय: कॅमेरा कलवू नका. कॅमेऱ्यात इलेक्ट्रॉनिक लेव्हल असेल तर ती सुरू करा. नसेल तर स्क्रीनवर ग्रिड लावा. मोकळ्या जागी क्षितिज बरोबर मधल्या रेषेवर आलं म्हणजे कॅमेरा सरळ आहे. शहरात क्षितिज दिसत नाही, तेव्हा फ्रेमच्या दोन्ही कडांशी असलेल्या भिंती कडांना समांतर आहेत का ते पाहा.

पण सरळ धरल्यावर शिखर कापलं जातं, ही पुढची अडचण. तेव्हा कॅमेरा उभा करा. साधारण १२ मीटर उंच इमारत, म्हणजे तीन-चार मजले, सरळ धरलेल्या १६ मिमीत पूर्ण यायची तर आडव्या फ्रेमला १४ मीटर मागे जावं लागतं, उभ्या फ्रेमला साडेनऊ मीटर पुरतात. किट लेन्सला उभ्या फ्रेममध्येही सोळा मीटरहून जास्त लागले असते, आणि पेठेतल्या बोळात सोळा मीटर कुठून आणणार? खालचा जास्तीचा रस्ता नंतर कापून टाका. कॅमेरा न कलवता वर-खाली सरकवता येणारी शिफ्ट लेन्स हेच काम रुबाबात करते, पण तिची किंमत हौशी माणसाला झेपणारी नाही, आणि उभ्या फ्रेममधून कापून घेतलेला फोटो जवळजवळ तेच देतो.

मागे जायला जागाच नसेल तर थोडं कलवा आणि नंतर दुरुस्त करा. लाइटरूममध्ये ‘अपराइट’ आहे, फुकटच्या डार्कटेबलमध्ये ‘रोटेट अँड पर्स्पेक्टिव्ह’ आहे. फक्त काढताना चारही बाजूंना जागा सोडा, कारण दुरुस्तीत दोन्ही बाजूंचे त्रिकोण कापले जातात. जास्त कललेला फोटो पूर्ण सरळ केला तर इमारत वर रुंद झाल्यासारखी दिसते. तेव्हा थोडा कल राहू दिलेला बरा.

आणि कधी कधी उलट करायचं. सभामंडपाच्या छतावरची नक्षी, वाड्याच्या चौकातून दिसणारा आभाळाचा चौकोन, असं काही असेल तर कॅमेरा अर्धवट न कलवता थेट वर रोखा. थोडा कललेला फोटो चुकल्यासारखा दिसतो, पूर्ण वर पाहणारा फोटो ठरवून काढलेला दिसतो.

वेरूळचं कैलास लेणं या दोन्हींचा सराव करायला फार चांगलं आहे. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातलं हे काम, डोंगर वरून खाली कोरत आणलेला. त्यामुळे देवळाभोवती अंगण आहे पण तिन्ही बाजूंना कातळाची भिंत, मागे जायला मर्यादा. खाली अंगणात उभ्या फ्रेमनं सरळ फोटो घ्या. मग वरच्या कड्यावरून फिरणाऱ्या वाटेनं जा आणि खाली पाहा: एकाच कातळातलं अख्खं देऊळ एका फ्रेममध्ये येतं. वरून काढताना खांब खालच्या दिशेनं निमुळते होतील, ते होऊ द्या, त्यानंच खोली कळते. पुरातत्त्व खात्याच्या अशा स्मारकांत परवानगीशिवाय ट्रायपॉड नेऊ देत नाहीत आणि अजिंठ्याला चित्रांवर फ्लॅश चालत नाही. हातात धरूनच काढायचं हे गृहीत धरा. १० मिमीला स्थिरीकरण, म्हणजे हाताचा कंप सावरण्याची सोय असलेली लेन्स सेकंदाच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढ्या शटर स्पीडलाही चांगली सावरते.

कडेची माणसं जाड दिसतात

मुंजीचा किंवा बारशाचा ग्रुप फोटो, खोली लहान, सगळे मावावेत म्हणून अल्ट्रावाइड लावली. मधली माणसं ठीक, कडेच्या मावशी आडव्या ताणलेल्या. मावशी रागावतात, आणि बरोबरच आहे त्यांचं.

सरळ रेषा सरळ ठेवणारी कुठलीही लेन्स हे करणारच. १६ मिमीवर फ्रेमच्या उजव्या-डाव्या कडेला ठेवलेला चेंडू उंचीच्या दीडपट रुंद दिसतो. २४ मिमीला हेच ताणणं सव्वापट असतं. पण मध्यापासून कडेपर्यंतच्या निम्म्या अंतरावर १६ मिमीलाही ते फक्त १५ टक्के असतं आणि तेवढं डोळ्याला खुपत नाही. म्हणून नियम सोपा आहे: माणसं फ्रेमच्या मधल्या अर्ध्या रुंदीत. कडांना भिंत, खिडकी, तोरण, पायऱ्या येऊ द्या. लोक मावत नसतील तर दोन रांगा करा, पुढची बसवा. चेहऱ्यापासून दीड मीटर तरी अंतर ठेवा. नाक कानांपेक्षा साधारण १२ सेंटीमीटर पुढे असतं. ३० सेंटीमीटरवरून ते कानांच्या तुलनेत १.४ पट मोठं होतं, दीड मीटरवरून हा फरक आठ टक्क्यांवर येतो.

फोटो काढून झाला असेल तर डीएक्सओ व्ह्यूपॉइंटसारखं सॉफ्टवेअर हे ताणणं बरंचसं काढतं, पण मग कडेच्या सरळ भिंती वाकतात. दोन्ही एकदम मिळत नाही.

मुलांचे खेळताना, बैलपोळ्याला बैलाजवळून, दिंडीत चालता चालता काढलेले अल्ट्रावाइडचे फोटो जिवंत येतात. तिथेही मुख्य माणूस मध्याजवळ ठेवा आणि हात, काठी, पताका यांना कडेकडे धावू द्या. ताणलेला हात वाईट दिसत नाही, ताणलेला चेहरा दिसतो.

आभाळात काळा पट्टा

सीपीएल, म्हणजे चकाकी कापणारा पोलरायझर फिल्टर लावलाय? काढा. सूर्यापासून ९० अंशांवरचा प्रकाश सगळ्यात जास्त ध्रुवित असतो, आणि तुमची लेन्स एका फ्रेममध्येच ९७ अंश पाहते. त्यामुळे आभाळाचा एक भाग गडद निळा होतो, बाकीचा फिका राहतो. हे नंतर दुरुस्त करणं कटकटीचं आहे. धबधब्याच्या ओल्या खडकांवर, पानांवर, टाक्यातल्या पाण्यावर, म्हणजे फ्रेममध्ये आभाळ फारसं नसताना, हाच फिल्टर फार उपयोगी पडतो. कोपरे काळे होत असतील तर यूव्ही फिल्टरवर सीपीएल चढवला आहे का ते बघा, एकच ठेवा आणि तोही पातळ कडेचा.

सूर्य फ्रेममध्ये असेल तर रंगीत ठिपके येतात. सूर्य दीपमाळेच्या किंवा झाडाच्या कडेला अर्धा लपवा आणि ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं भोक, लहान करून एफ/१६ करा, किरणांचा तारा उमटतो. ॲपर्चरची पाती सम असतील तर तितकेच किरण, विषम असतील तर दुप्पट: सात पात्यांचे चौदा. मात्र एफ/१६ ला लेन्सच्या काचेवरचा प्रत्येक थेंब आणि बोटाचा ठसा दिसतो. भुरभुर पावसात कोरडं मायक्रोफायबर कापड शर्टाच्या आत ठेवा आणि दर काही फोटोंनंतर काच पुसा. या लेन्सचं हूड उथळ असतं, ते पाऊस अडवत नाही.

सूर्य पाठीशी असताना सकाळ-संध्याकाळ स्वतःची सावली फ्रेममध्ये येते, ट्रायपॉडचा पायही येतो. शटर दाबण्याआधी चारही कोपरे एकदा नजरेखालून घाला.

एक आनंदाची गोष्ट. इंद्रधनुष्याची त्रिज्या ४२ अंश असते, म्हणजे पूर्ण कमान ८४ अंशांची. आडव्या धरलेल्या २० मिमीत ती कडेला कडा लावून बसते, २४ मिमीत मावत नाही, १६ मिमीत दोन्ही टोकांशी थोडी जमीनही मिळते. श्रावणात ही लेन्स कॅमेऱ्यावरच ठेवा.

पुढचं फूल स्पष्ट, मागचा डोंगर धूसर, किंवा उलट

कॅमेऱ्याला फोकस कुठे करायचा हे ठरवू देऊ नका. क्रॉप सेन्सरवर १० मिमी, एफ/८ ठेवून साधारण ६५ सेंटीमीटरवर फोकस केला तर ३३ सेंटीमीटरपासून अनंतापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. फुल फ्रेमवर १६ मिमी, एफ/८ ला हेच अंतर एक मीटरच्या थोडं पुढे येतं आणि जवळची मर्यादा अर्ध्या मीटरच्या आसपास. हाताच्या अंतरावरचा एखादा दगड पकडून फोकस करा, मग मॅन्युअलवर टाका आणि फ्रेम जुळवा. क्रॉप सेन्सरवर एफ/११ च्या पुढे सहसा जाऊ नका, सगळंच किंचित मऊ होऊ लागतं. फूल २५ सेंटीमीटरवर असेल तर दोन फोटो घ्या, एक फुलावर, एक डोंगरावर, आणि नंतर जोडा. फूल वाऱ्यानं हलत असेल तर जोडणं जमत नाही, मग फूलच स्पष्ट ठेवा.

घ्यायच्या आधी

आपल्या किट लेन्सच्या फोटोंची माहिती उघडा. १८ मिमीवर काढलेल्या किती फोटोंमध्ये तुम्हाला आणखी रुंदी हवी होती, आणि ती जवळच्या गोष्टीसाठी की दूरच्या? दूरच्यासाठी असेल तर पैसे वाचवा. १८ मिमीवर कॅमेरा उभा धरून शेजारी शेजारी चार-पाच फोटो घ्या, प्रत्येकात एक तृतीयांश भाग सामाईक ठेवा, हगिनसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये जोडा. दूरच्या डोंगररांगेसाठी हा मार्ग उत्तम आहे. फोनमध्ये ०.५ कॅमेरा असेल तर महिनाभर तोच वापरून पाहा. २०१९ च्या आयफोन ११ पासूनचा हा कॅमेरा साधारण १३ मिमीच्या तोडीचा आहे. जवळ जाण्याची सवय लागते का हे त्याच्यावर फुकटात कळतं.

घ्यायचंच ठरलं तर माझा कल हलक्या, स्वस्त लेन्सकडे आहे. ट्रेकला जी लेन्स पाठीवर जड होते ती पुढच्या वेळी घरी राहते. कॅननच्या जुन्या क्रॉप डीएसएलआरसाठी २०१४ ची ईएफ-एस १०-१८ एफ/४.५-५.६ अजूनही बहुतेकांना पुरते: २४० ग्रॅम, स्थिरीकरण आहे, साधा ६७ मिमी फिल्टर बसतो, वापरलेली सहज मिळते. निकॉनसाठी २०१७ ची एएफ-पी डीएक्स १०-२० तशीच, पण डी९०, डी३१००, डी३२००, डी७००० अशा जुन्या बॉडींवर तिचा ऑटोफोकस चालत नाही, हे विचारून घ्या. टोकिना ११-१६ एफ/२.८ रात्रीच्या आभाळासाठी प्रसिद्ध आहे. निकॉन माउंटमधल्या तिच्या पहिल्या आवृत्तीत मोटर नाही, त्यामुळे डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडींवर हातानंच फोकस करावा लागतो. आरशाविना (मिररलेस) कॅमेऱ्यांत कॅननची आरएफ-एस १०-१८ फक्त १५० ग्रॅमची आहे आणि १४ सेंटीमीटरवर फोकस करते. सोनी आणि फुजीवाल्यांनी २०२३ ची सिग्मा १०-१८ एफ/२.८ पाहावी, सुमारे अडीचशे ग्रॅम वजनात एवढं ॲपर्चर मिळतं आणि रुंद टोकाला ती बारा सेंटीमीटरच्याही आत फोकस करते.

एक फसगत वारंवार होते. कॅननची आरएफ १६ मिमी एफ/२.८ स्वस्त आणि सुंदर आहे, म्हणून आर५० किंवा आर१० वाले ती घेतात. त्या क्रॉप सेन्सरवर ती २५.६ मिमीसारखी दिसते, म्हणजे किट लेन्सच्या जवळपास. अल्ट्रावाइड हवी असेल तर क्रॉप सेन्सरवर १०, ११, १२ हेच आकडे शोधा.

खरेदी करताना सगळे ॲपर्चर बघतात. दिवसा ट्रेक करणाऱ्यानं त्याआधी सगळ्यात जवळचं फोकस अंतर बघावं, कारण वर सांगितलेलं सगळं त्याच्यावर अवलंबून आहे. हे अंतर लेन्सच्या काचेपासून नव्हे तर सेन्सरपासून मोजतात. बॉडीवर गोलातून रेघ गेलेली खूण असते, तिथून. त्यामुळे २२ सेंटीमीटर लिहिलेली लहान लेन्स प्रत्यक्षात काचेपासून वीतभरापेक्षा कमी अंतरावर फोकस करते. समोरची काच फुगीर असलेल्या लेन्सना साधे फिल्टर बसत नाहीत, हेही लक्षात घ्या.

सगळं करूनही एक बाजू धूसर येते

आता मात्र लेन्सचीच परीक्षा घ्या. अल्ट्रावाइडमध्ये एखादी काच केंद्रापासून किंचित सरकली तरी एक कोपरा मऊ येतो. वापरलेल्या, पडलेल्या लेन्समध्ये हे जास्त सापडतं, नव्यातही अधूनमधून.

विटांच्या भिंतीवर परीक्षा घेऊ नका. कॅमेरा भिंतीला किंचित तिरका असला तरी एक बाजू धूसर येते आणि उगाच लेन्सवर आळ येतो. गच्चीवर जा. दूरची इमारत, टॉवर, अँटेना, ज्यात बारीक तपशील आहे असं काही निवडा, निदान शंभर मीटर लांब. ट्रायपॉडवर, स्थिरीकरण बंद, ॲपर्चर पूर्ण उघडं, लेन्स सगळ्यात रुंद टोकाला. त्या वस्तूवर मध्यात फोकस करा, मॅन्युअलवर टाका, एक फोटो घ्या, आणि मग रिंगला हात न लावता कॅमेरा फिरवत तीच वस्तू चारही कोपऱ्यांत आणून फोटो घ्या. चारही कोपरे मध्यापेक्षा सारखेच मऊ असतील तर लेन्स निरोगी आहे, या लेन्स अशाच असतात. एकच कोपरा किंवा एकच बाजू स्पष्टपणे वाईट असेल तर एफ/८ वर पुन्हा तेच करा. एफ/८ ला फरक मिटला तर दिवसाच्या ट्रेकला ती लेन्स चालेल, रात्रीच्या ताऱ्यांना नाही. एफ/८ लाही तोच कोपरा धूसर राहिला तर ते पाचही फोटो मूळ आकारात जपून ठेवा आणि परत देण्याची मुदत संपायच्या आत लेन्स दुकानात घेऊन जा. वापरलेली घेत असाल तर हीच परीक्षा पैसे देण्याआधी, विकणाऱ्याच्या गच्चीवर घ्या.